माती उचलावी कशी, ठेवावी कोठें

शहरांत घर बांधावयास काढलें म्हणजे दाराशीं मातीचा नाहीं तर वाळूचा ढीग येऊन पडतो, आणि तो किती ब्रास आहे याची चर्चा घरांतल्या सर्वांच्या तोंडीं होते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दोन-चार ब्रासांचा तो ढीग गडीमाणसें घमेल्यांनीं वाहूं लागलीं कीं दिवस सरतो आणि संध्याकाळीं त्यांचे खांदे भरून येतात. हाच हिशेब शेताला लावून पाहावा. एका एकराचें क्षेत्रफळ ४३,५६० चौरस फूट असतें. त्यावरचा केवळ एक इंच जाडीचा थर काढावयाचा म्हटला, तर ती माती ३६ ब्रासांहून अधिक भरते आणि तिचें वजन सुमारें १५० टन होतें. नांगराच्या फाळाखालीं येणारा सहा-सात इंचांचा थर धरला, तर एकरामागें २० लाख पौंड माती शेतकऱ्याच्या पायाखालीं पडलेली असते. तिच्यापैकीं थोडीशीही इकडची तिकडे करण्याची पाळी त्याच्यावर आली, तर त्यानें तें काम कसें पार पाडावें?

ही पाळी शेतकऱ्यावर वारंवार येते. दिसावयास सपाट असलेली जमीन खरोखर किती उंचसखल आहे, हें पाटाचें पाणी सोडल्यावर कळतें. उंचवट्यावर पाणी चढत नाहीं म्हणून तेथील पीक सुकतें. खळग्यांत तें साचून राहतें म्हणून तेथील मुळें कुजतात. एकाच शेतांत, एकाच दिवशीं, एक रोप तहानेनें आणि दुसरें पाण्यानें मरतें. उंचवट्याची माती काढून खळग्यांत घालणें हाच त्यावरचा उपाय, आणि तो कोणालाही सुचेल असा आहे. अडचण त्या मातीच्या वजनाची असते. शिवाय पावसाचें पाणी अडविण्यासाठीं तळें खोदावयाचें असतें, उतारावर बांध घालावयाचे असतात, ओढ्याकाठचा खचलेला रस्ता भरावयाचा असतो. या सर्व कामांत माती खणण्याहून ती वाहून नेण्याचेच कष्ट अधिक पडतात.

या कष्टांवर जो तोड निघाला, त्याची कथा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यांत सुरू होते. तेथें सॅन वाकीन नांवाचें एक विस्तीर्ण खोरें आहे. त्यांतील फ्रेझ्नो शहराच्या आसमंतांत वर्षाकाठीं दहा-अकरा इंचच पाऊस पडतो आणि तोही बहुतेक हिवाळ्यांत पडतो. उन्हाळा कडक आणि कोरडा जातो. परंतु खोऱ्याच्या पूर्वेस सिएरा नेवाडा हा बर्फाच्छादित पर्वत उभा आहे. वसंत ऋतूंत त्याचें बर्फ वितळूं लागलें कीं नद्या भरून वाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या नद्यांना कालवे काढून वसाहतवाल्यांनीं तेथें द्राक्षांचे मळे आणि फळबागा उठविल्या. कालवे खोदावयाचे, पाट काढावयाचे आणि त्यांच्याखालचीं शेतें पाणी धरतील अशीं सपाट करावयाचीं, हेंच त्या काळीं तेथील शेतकऱ्यांचें पहिलें काम होऊन बसलें.

त्यांच्यापाशीं तेव्हां दोन साधनें होतीं. एक म्हणजे दोन मुठींचें लोखंडी सूप. तें घोडा ओढी आणि मागून चालणारा मनुष्य मुठी उचलून त्याची कड जमिनींत घुसवी. त्यांत माती फार थोडी मावे. दुसरें साधन म्हणजे माती पुढें लोटणारी रुंद लाकडी फळी. महाराष्ट्रांत बैलांच्या मागें जुंपलेली केणी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना या साधनांची कल्पना चटकन येईल. फळीची खोड अशी कीं, ती जितकी माती लोटते तितकीच बाजूंनीं सांडते, आणि अंतर वाढेल तसा तिच्यापुढचा ढीग ओसरत जातो. मुक्कामीं पोंचल्यावर उरलेली माती एके ठिकाणीं ढिगानें पडते, आणि तो ढीग पसरण्यासाठीं पुन्हां निराळे हात लावावे लागतात.

फ्रेझ्नो येथें जेम्स पोर्टियस नांवाचा एक यंत्रकार राहत असे. तो मूळचा स्कॉटलंडचा. शेतकऱ्यांच्या सहवासानें त्यांची ही अडचण त्याला नीट उमगली होती. १८८३ सालीं त्यानें फळीच्या जागीं इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकविलेली पोलादी पेटी बसविली. पेटीच्या पुढच्या कडेला धारदार पातें, दोन्ही अंगांना घसरपट्ट्या आणि मागें एक लांब दांडा अशी तिची रचना होती. दोन ते चार घोडे ती ओढीत. दांडा किंचित् उचलला कीं पातें जमिनींत शिरे आणि मातीचा पापुद्रा उलगडत पेटींत चढे. पेटी भरल्यावर दांडा खालीं दाबला कीं पातें वर येई आणि सर्व ओझें जमिनीवरून घसरत चाले. ठिकाण आलें कीं दांडा वर जाऊं द्यावयाचा. मग पेटी पुढें कलंडे, पातें जमिनीपासून ठराविक उंचीवर अडून राही, आणि माती ढीग न होतां नेमक्या जाडीच्या थरानें पसरत जाई.

या साधनाला लोक गांवाच्याच नांवानें फ्रेझ्नो म्हणूं लागले. तें थोड्याच वर्षांत शेतांतून रेल्वेच्या भरावांवर आणि रस्त्यांच्या कामांवर गेलें. पनामाच्या कालव्याच्या कामींही तें उपयोगीं पडलें. माती कापणारीं अवजारें त्यापूर्वींही पुष्कळ होतीं. कापलेली माती न सांडतां नेणें आणि हव्या त्या जाडीनें अंथरणें या दोन गोष्टी फ्रेझ्नोनें साधल्या. त्यानंतर आलेल्या प्रत्येक स्क्रेपरनें, मग तो कितीही अवाढव्य असो, हीच कापा, वाहा आणि पसरा ही तिहेरी रीत उचललेली आहे.

पुढचा फेरफार घोड्यांच्या जागीं झाला. याच खोऱ्याच्या उत्तरेस स्टॉक्टन शहराजवळ नद्यांच्या मुखाशीं काळी, भुसभुशीत, दलदलीची जमीन आहे. तींत घोड्यांचे पाय रुतत आणि वाफेच्या ट्रॅक्टरचीं चाकेंही रुतत. म्हणून बेंजामिन होल्ट यानें १९०४ सालच्या नोव्हेंबरांत आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरचीं चाकें काढून त्या जागीं फिरते पट्टे बसवून पाहिले आणि तें यंत्र त्या दलदलीवर चाललें. सुरवंटासारखें चालणारें हें यंत्र पुढें तेलावर चालूं लागलें. १९२५ सालीं होल्ट यांची आणि बेस्ट यांची अशा दोन कंपन्या एक होऊन त्यांतून कॅटरपिलर कंपनी जन्मास आली.

पहिलें महायुद्ध संपल्यावर त्याच स्टॉक्टनमध्यें रॉबर्ट लटूर्नो नांवाचा तिशी ओलांडलेला एक तंत्रज्ञ कर्जांत बुडालेला होता. चवदाव्या वर्षीं त्याची शाळा सुटलेली होती आणि त्याच्या भागीदारीचा मोटारदुरुस्तीचा धंदा बसला होता. कर्ज फेडण्यासाठीं तो ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचीं कामें करूं लागला. त्यानें दुरुस्त केलेल्या एका ट्रॅक्टरच्या मालकानें त्यालाच त्या ट्रॅक्टरवर बसविलें, मागें एक स्क्रेपर जोडून दिला आणि आपली ४० एकर जमीन सपाट करण्यास सांगितलें. त्या कामाची गोडी लटूर्नोला अशी लागली कीं, १९२० च्या जानेवारींत त्यानें एक जुना होल्ट ट्रॅक्टर विकत घेतला, स्क्रेपर भाड्यानें आणला आणि जमीन सपाट करण्याचीं कंत्राटें घेण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं स्टॉक्टन येथें जागा घेऊन त्यानें स्वतःचे स्क्रेपर बनविण्यासाठीं कर्मशाळा काढली. लोखंडी पत्रे रिव्हेटांनीं जोडण्याऐवजीं ते विजेच्या झाळकामानें सांधणें, पेटी उचलण्यासाठीं ट्रॅक्टरच्या मागें रहाटासारखी यंत्रणा बसवून तारेच्या दोरानें ती चालविणें, आणि १९३२ च्या सुमारास पोलादी चाकांऐवजीं हवेचे रबरी टायर लावणें, अशा सुधारणा त्यानें एकामागून एक केल्या. १९३३ सालीं कंत्राटें सोडून तो केवळ यंत्रें बनविण्याच्या मागें लागला. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांनीं विमानतळ आणि रस्ते बांधण्यासाठीं जीं माती हलविणारीं यंत्रें वापरलीं, त्यांत त्याच्या कारखान्याचा वाटा फार मोठा होता.

ट्रॅक्टरमागें ओढावयाच्या या स्क्रेपरची रचना समजण्यास कठीण नाहीं. दोन किंवा चार चाकांवर टांगलेली एक मोठी पोलादी पेटी, तिच्या तळाच्या पुढच्या कडेला पातें, पातीसमोर वरखालीं होणारी एक झडप, आणि मोठ्या यंत्रांत पेटीच्या मागच्या बाजूस पुढें सरकणारी एक भिंत. कापतांना पेटी खालीं आणि झडप उघडी असते. वाहून नेतांना पेटी वर आणि झडप बंद असते. पसरतांना झडप उघडून मागची भिंत माती पुढें लोटीत जाते. लहान यंत्रांत ही भिंत नसते, पेटीच कलंडते. जुन्या यंत्रांत हें सारें तारेच्या दोरांनीं होई. पुढें तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे आले आणि ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या दोन दांड्यांनीं सर्व हालचाल होऊं लागली.

अशीं जुनीं यंत्रें आजही अमेरिकेंतील पुष्कळ शेतांवर कामास येतात. ठेकेदारांनीं नवीं यंत्रें घेतलीं तेव्हां जुनीं मोडीच्या किंवा त्याहून थोड्या अधिक भावानें शेतकऱ्यांच्या हातीं आलीं. ज्याच्यापाशीं ट्रॅक्टर आहे त्याला वेगळें इंजिन पोसावें लागत नाहीं. स्क्रेपरला स्वतःचें असें थोडेंच असतें. चाकें फिरत असलीं, पातें शाबूत असलें, सांध्यांतील खिळे फार झिजलेले नसले आणि दोर अथवा दट्टे धड असले, म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वींचें यंत्रही माती वाहतें. पात्याची एक कड झिजली तर तें उलटें फिरवून दुसरी कड लावतां येते. शेतकऱ्याला घाईही नसते. ठेकेदाराला कामाची मुदत असते. शेतकऱ्याला दोन पिकांमधले मोकळे दिवस असतात, आणि आज अर्धा बांध झाला तर उरलेला पुढच्या वर्षीं करण्याची त्याला मुभा असते.

तरी हिशेब चुकत नाहीं. ज्याची पेटी चार घनयार्डांची आहे, त्याचा स्क्रेपर एका फेरींत एका ब्रासाहून किंचित् अधिक माती नेतो. पण खणलेली माती फुगते. जमिनींत चार भाग असलेली माती पेटींत पांच भाग होते. म्हणून एका एकरावरचा एक इंच काढावयाचा तर चाळीस-बेचाळीस फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरीस चार मिनिटें धरलीं तर हें जवळजवळ तीन तासांचें काम झालें. हीच माती दुसरीकडे अंथरून चाकांखालीं दबली म्हणजे पहिल्याहूनही कमी जागा व्यापते. म्हणून जाणता शेतकरी खळगा भरण्यास जितकी माती लागेल असें मोजणीनें ठरतें, त्याहून सव्वापट तरी माती उंचवट्यावरून काढण्याची तयारी ठेवतो. हें ज्याला ठाऊक नसतें त्याचें शेत काम संपल्यावर सपाट दिसतें, आणि एका पावसाळ्यांत भरावाची जागा खचून पुन्हां तेथेंच पाणी साचतें.

काम करण्याच्याही रीती आहेत. पातें खोल घालून एकदम पेटी भरण्याचा मोह प्रत्येक नवख्यास होतो. त्यानें ट्रॅक्टरचीं चाकें जागीं फिरूं लागतात आणि माती पात्यापुढें गोळा होऊन बाहेर सांडते. पातळ काप लांबवर घेतला तर पापुद्रा सुरळीत आंत चढतो. शक्य तेथें उताराच्या दिशेनें भरावें, म्हणजे जमिनीचा उतारच ट्रॅक्टरला साहाय्य करतो. पातें जमिनींत असतां वळूं नये. माती फार ओली असली तर ती पेटीला चिकटते. अगदीं कोरडी असली तर पिठासारखी वाहून जाते. मुठींत आवळली असतां जिचा लाडू वळतो आणि बोटानें दाबतां फुटतो, ती माती या कामास उत्तम. टणक जमीन असेल तर आधीं खोल दात्यांनीं ती फोडून घ्यावी लागते. हीं सर्व लक्षणें बैलांच्या केणीवर काम केलेल्या मनुष्यासही ठाऊक असतात. यंत्र बदललें, मातीचा स्वभाव बदलला नाहीं.

येथपर्यंत सर्व गोष्टी सोयीच्या झाल्या. परंतु सॅन वाकीनच्या खोऱ्यांतच या सोयीची दुसरी बाजू लोकांच्या अनुभवास आली. खोऱ्याच्या पूर्व भागांत जमिनीवर एके काळीं लहान लहान उंचवटे आणि त्यांच्यामध्यें खळगे असत. तेथील लोक त्या जमिनीला डुकरांच्या लोळणीची उपमा देत. उंचवटे कापून खळगे भरले कीं शेत तयार, असें वरवर पाहणाऱ्यास वाटे. पण या जमिनीखालीं कातळासारखा टणक असा एक थर पसरलेला आहे. वरची माती कोठें हातभर, कोठें त्याहून थोडी अधिक. जेथें पातें खोल गेलें तेथें हा थर उघडा पडूं लागला आणि त्यावर मुळांना जागा उरली नाहीं. थर उघडा पडला नाहीं तरी वरची, त्यांतल्या त्यांत सुपीक माती निघून गेली आणि खालची निकस माती सूर्यप्रकाशांत आली. अशा कापलेल्या जागीं पिकें पिवळीं पडत. तेथें जस्ताची उणीव असते असें पुढें मातीच्या परीक्षणांत दिसून आलें. शेणखत घालून आणि जस्ताचे क्षार देऊन त्या जागा हळूहळू सुधारतां येतात, पण त्यांत वर्षें जातात. शेत सपाट करण्यास एक आठवडा लागतो. कापलेल्या जागेचें पीक शेजारच्या बरोबरीस येण्यास कित्येक हंगाम लागतात.

आणखीही एक वस्तु तेथें गेली. त्या खळग्यांत हिवाळ्याचें पाणी साचून वसंतांत तें आटत आलें कीं कडेकडेनें रानफुलांचीं वर्तुळें उमलत, आणि त्या थोड्या आठवड्यांच्या पाण्यांत बोटाच्या नखाएवढे नाजूक जलजीव जन्मून अंडीं घालून मरत. जमिनी सपाट झाल्या तशीं त्या खोऱ्यांतील अशीं बहुतेक तळीं नाहींशीं झालीं. १९९४ सालीं अमेरिकन सरकारनें त्यांतील एका जलजीवाला कायद्याचें संरक्षण दिलें. १९९७ सालीं सॅन वाकीन या नांवानें ओळखली जाणारी तीच टणक थराची माती कॅलिफोर्निया राज्याची मानचिन्ह-माती म्हणून घोषित झाली. तोंपर्यंत तिचा पुष्कळ भाग आपल्या मूळच्या रूपांत राहिलेला नव्हता.

म्हणून जाणत्या शेतकऱ्याच्या कामाचा पहिला दिवस निराळा असतो. उंचवट्यावर पातें घालण्यापूर्वीं तो दुर्बिणीनें आणि मापपट्टीनें शेताची उंची जागोजाग मोजतो आणि खुंट्या ठोकतो. ठिकठिकाणीं हातभर खोल खड्डे खणून खालीं कोणत्या रंगाची, कोणत्या पोताची माती आहे तें पाहतो. मग वरची सहा-आठ इंच सुपीक माती तो आधीं खरवडून एका कडेला रचून ठेवतो. ती कापावयाच्या जागेवरची तर काढतोच. भरावयाच्या खळग्यांतलीही काढतो. त्यानंतर खालची माती इकडची तिकडे करून उतार साधतो. शेवटीं बाजूला ठेवलेली सुपीक माती परत आणून सर्व शेतावर सारखी अंथरतो. यानें फेऱ्या वाढतात. तेल अधिक जळतें. दोन दिवसांचें काम चार दिवसांवर जातें. पण पुढच्या हंगामांत शेत एकरंगी उगवतें. ज्या साधनाला ठराविक जाडीचा थर अंथरतां येतो तेंच या कामास लायक, आणि पोर्टियसच्या पेटीचा तोच तर गुण होता.

हा धडा अमेरिकेनें दुसऱ्या बाजूनेंही घेतला. १९३० नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत मध्यभागच्या मैदानांवरील नांगरलेली माती वाऱ्यानें उडूं लागली. १४ एप्रिल १९३५ रोजीं धुळीचें असें वादळ उठलें कीं भर दिवसा अंधार पडला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस भूसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट याच्या नेतृत्वाखालीं भूसंधारणाचें सरकारी खातें उभें राहिलें. पुढच्या वर्षांत उतारांवर समपातळींत लांब, बुटके बांध घालणें आणि शेतांत तळीं खोदणें या कामांचा मोठा प्रसार झाला. त्यांतील पुष्कळ काम ट्रॅक्टरमागील स्क्रेपरांनीं केलें. जें पातें निष्काळजी हातांत वरची माती घालवितें, तेंच सावध हातांत ती अडवून धरतें, हें तेथें दिसून आलें.

तळ्याच्या बांधाच्या कामांत तर स्क्रेपरला तोड नाहीं. बांधाच्या पायाची जागा आधीं गवत, मुळें आणि भुसभुशीत माती काढून स्वच्छ करतात. मधोमध चर खणून तो चिकणमातीनें भरतात, म्हणजे पाणी खालून झिरपत नाहीं. मग सहा-आठ इंचांचे थर एकावर एक अंथरीत बांध वर आणतात. प्रत्येक फेरीस भरलेलें जड यंत्र त्या थरावरून जातें आणि तो दाबतें. यासाठीं शेतकऱ्यानें रोज थोडी निराळी वाट धरावी, म्हणजे सर्व बांध सारखा दबतो. जास्तीच्या पाण्याला बांधाच्या टोकाशीं, मूळच्या घट्ट जमिनीवरून सांडवा ठेवावा. ढिगानें टाकलेल्या मातीचा बांध दिसावयास तितकाच उंच असतो. पहिल्या मोठ्या पुरांत तो फुटतो.

या यंत्रांपासून मनुष्यालाही जपावें लागतें. जुन्या फ्रेझ्नोचें पातें दगडाला किंवा मुळाला अडलें कीं मागचा दांडा उसळून हांकणाऱ्यावर आपटे. ट्रॅक्टरच्या स्क्रेपरला तो दांडा नाहीं, पण दुसरे धोके आहेत. ओढीची सांखळी ट्रॅक्टरच्या खालच्या ओढपट्टीलाच जोडावी लागते. ती वर जोडली तर ओझें अडतांच ट्रॅक्टरचें तोंड उचलून तो मागें उलटतो. जुन्या तारेच्या दोराचे तुटके धागे हातमोज्यांतूनही बोटें फाडतात. आणि वर उचललेल्या पेटीखालीं, ती लांकडी ठोकळ्यांवर टेकविल्याशिवाय, कोणींही हात घालूं नये. तेलाची नळी फुटली तर पेटी खालीं येण्यास क्षण पुरतो. ज्या घरीं हें यंत्र वापरांत असतें, तेथें मुलांना त्याच्याजवळ न जाण्याची ताकीद असावीच लागते.

१९७० नंतर जमीन सपाट करण्याच्या कामांत लेझरच्या किरणाचा उपयोग होऊं लागला. शेताच्या कडेला उभा केलेला दिवा एका पातळींत किरण फिरवितो आणि पातें आपोआप त्या पातळीशीं जुळवून वरखालीं होतें. पंजाब आणि हरियाणा या राज्यांत अशीं यंत्रें भातगव्हाच्या शेतांत पुष्कळ वापरलीं जातात आणि त्यांनीं पाण्याची बचत होते. आतां उपग्रहांच्या साहाय्यानेंही हें काम चालतें. किरणाला उंची अचूक कळते. त्याच्या खालची माती काळी आहे कीं मुरमाड आहे, हें त्याला कळत नाहीं. तें पाहण्यासाठीं आजही कोणीतरी हातभर खड्डा खणून आंत डोकवावें लागतें.

महाराष्ट्रांतील वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. शहरांत स्थिर झालेल्या पुष्कळ कुटुंबांची गांवाकडे दोन-चार एकर जमीन असते. २०१६ पासून मागेल त्याला शेततळें देण्याची सरकारी योजना आली आणि गांवोगांव तळीं खोदलीं गेलीं. हें काम बहुधा पोकलेननें, तासाच्या भाड्यानें होतें. यंत्राचा सोंड्या चालविणाऱ्याला खड्डा पाडावयाचा असतो, आणि तासाचें मीटर चालू असतें. अशा वेळीं वरची दीड वीत काळी माती मुरमाखालीं गाडली जाण्यास एक दुपार पुरते. मालक शहरांत असतो. खड्डा ठरल्या मापाचा झाला एवढेंच त्याला कळविलें जातें. पण ती काळी माती आधीं बाजूला काढावयास सांगितली असती, तर तळ्याभोंवतीच्या उघड्या मुरमावर ती पसरून तेथें झाडें लावतां आलीं असतीं. त्यासाठीं वाढलेले दोन-तीन तासांचे पैसे कोणत्याही खतापेक्षां स्वस्त पडले असते.

पोर्टियसच्या काळीं चार घोड्यांना जें ओझें ओढवत नसे, तें आज लहानसा ट्रॅक्टरही ओढतो. माती उचलण्याचा प्रश्न बहुतेक सुटला आहे. काम सुरू होण्यापूर्वीं शेतावर जाऊन, हातांत फावडें घेऊन, कोणती माती कोठें आहे आणि काम संपल्यावर ती कोठें असावी हें ठरविणें, एवढी एक गोष्ट मात्र यंत्रानें शेतकऱ्याच्या अंगावरून उतरविलेली नाहीं. ती त्यानें केली कीं नाहीं, हें पुढच्या हंगामांत उगवलेल्या पिकाच्या रंगावरून कोणालाही वाचतां येतें.